ट्रान्झिशनचा विचार करताना समजून घेणारा थेरपिस्ट कसा शोधावा : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जन्माच्या वेळी नोंदवलेले लिंग आणि स्वतःला जाणवणारी लिंगभाव ओळख यांत ज्यांना अंतर वाटते आणि सामाजिक, वैद्यकीय किंवा कायदेशीर ट्रान्झिशन (म्हणजे जाणवणाऱ्या ओळखीनुसार जगण्यासाठी केलेला बदल) करावे की नाही, याचा ज्या प्रौढ व्यक्ती विचार करत आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. अठरा वर्षांखालील मुलांविषयीचा प्रश्न वेगळा असल्यामुळे त्याचे उत्तर पुढे स्वतंत्रपणे दिले आहे.

ट्रान्झिशन करायचे असेल, तर थेरपिस्टकडे जाणे सक्तीचे आहे का?

नाव, कपडे, केशरचना किंवा ओळखीच्या लोकांनी कसे संबोधावे, हे बदलण्यासाठी कोणाच्याही परवानगीची गरज नसते. प्रश्न येतो तो हार्मोन्स आणि शस्त्रक्रिया यांच्या बाबतीत. वर्ल्ड प्रोफेशनल असोसिएशन फॉर ट्रान्सजेंडर हेल्थ, म्हणजेच 'डब्ल्यूपॅथ', ही संस्था 1979 पासून या उपचारांसाठी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध करत आली आहे. तिची आठवी आवृत्ती 2022 मध्ये आली. तिच्यात मूल्यमापन आवश्यक मानले आहे, मात्र दीर्घकाळ थेरपी घेतलीच पाहिजे अशी अट घातलेली नाही. सातव्या आवृत्तीत जननेंद्रियांवरील शस्त्रक्रियांसाठी दोन स्वतंत्र तज्ज्ञांची शिफारसपत्रे लागत असत. आठव्या आवृत्तीनुसार प्रौढांसाठी एका पात्र तज्ज्ञाचे पत्र पुरेसे आहे. काही देशांत आणि काही दवाखान्यांत परिणाम आणि धोके नीट समजावून सांगून घेतलेल्या संमतीवर हार्मोन्स सुरू केले जातात, तर काही ठिकाणी कायदा, विमा कंपनी किंवा शल्यविशारद अजूनही जुन्या पद्धतीची पत्रे मागतात. त्यामुळे ज्या डॉक्टरांकडून उपचार घेण्याचा विचार आहे, त्यांना काय लागते हे आधीच विचारून घ्यावे; त्यावरून थेरपिस्टकडून नेमके काय हवे, हेही ठरते.

सक्ती नसेल, तर मग जायचे कशासाठी?

कारण हा विचार एकट्याने करणे अवघड असते. घरच्यांशी बोलावे तर त्यांच्या भावना सांभाळाव्या लागतात. मित्रांशी बोलावे तर त्यांची मते आधीच ठरलेली असतात. इंटरनेटवर वाचावे तर इतरांच्या कहाण्यांशी आपली कहाणी जुळते की नाही, याचीच चिंता वाढते. ज्याला आपल्या निर्णयातून काहीही मिळवायचे किंवा गमवायचे नाही, अशा माणसासमोर मोठ्याने विचार करता येणे, हा थेरपीचा पहिला उपयोग आहे.

याखेरीज अनेक व्यावहारिक गोष्टी असतात. कोणाला, कधी आणि कोणत्या शब्दांत सांगायचे. नोकरीच्या ठिकाणी काय परिस्थिती उद्भवेल. जोडीदाराशी असलेल्या नात्याचे काय होईल. वर्षानुवर्षे लपवून ठेवल्यामुळे मनावर बसलेली लाज कशी उतरवायची. आणि ट्रान्झिशनमुळे कोणते प्रश्न सुटतील आणि कोणते तसेच राहतील. शेवटचा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण उपचारांकडून वास्तव अपेक्षा असणाऱ्या व्यक्तीला पुढचा प्रवास पेलणे सोपे जाते.

मी पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आहे की नाही, याचीच मला खात्री नाही. आधी खात्री करून घेऊन मग जावे का?

नाही. खात्री नसणे हेच जाण्याचे पुरेसे कारण आहे. लिंगभाव ओळख ठरवणारी रक्ततपासणी नाही, मेंदूचा स्कॅन नाही आणि गुणांची बेरीज करून निकाल देणारी विश्वासार्ह प्रश्नावलीही नाही. म्हणून 'तुम्ही खरोखर पारलिंगी आहात' किंवा 'तुम्ही नाही आहात' असे पहिल्या तासातच जाहीर करणाऱ्या थेरपिस्टवर, उत्तर कोणतेही असो, फार विसंबू नये.

चांगला थेरपिस्ट या अनिश्चिततेला हळूहळू आकार देतो. अस्वस्थता शरीराबद्दल आहे की लोक ज्या भूमिकेत पाहतात त्याबद्दल, की दोन्हींबद्दल? ती कोणत्या प्रसंगी वाढते आणि केव्हा जवळजवळ नाहीशी होते? दुःखाइतकेच आनंदाकडेही पाहावे लागते: एखाद्याने वेगळ्या नावाने हाक मारली तेव्हा बरे वाटले का, आरशात स्वतःला ओळखल्यासारखे कधी वाटले का? अनेकांच्या बाबतीत तीव्र वेदनेपेक्षा हा दिलासाच अधिक बोलका ठरतो. ज्या गोष्टी सहज परत फिरवता येतात, उदाहरणार्थ विश्वासातल्या दोन-तीन लोकांमध्ये वेगळे नाव वापरून पाहणे, त्या आधी करून पाहता येतात आणि त्यांतून जे जाणवते त्यावर पुढच्या भेटीत बोलता येते. उत्तर 'स्त्री' किंवा 'पुरुष' असेच आले पाहिजे, असेही नाही; नॉन-बायनरी, म्हणजे स्वतःला केवळ स्त्री किंवा केवळ पुरुष न मानणाऱ्या व्यक्तींनाही हार्मोन्स किंवा शस्त्रक्रिया हव्या असू शकतात किंवा नकोही असू शकतात.

समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ आणि मनोविकारतज्ज्ञ यांपैकी कोणाकडे जावे?

मनोविकारतज्ज्ञ हे वैद्यकीय डॉक्टर असतात आणि औषधे लिहून देऊ शकतात. चिकित्सा मानसशास्त्रज्ञांचे प्रशिक्षण मूल्यमापन आणि मानसोपचार यांत झालेले असते. समुपदेशकांचे शिक्षण देशागणिक आणि अभ्यासक्रमागणिक फार वेगवेगळे असते, त्यामुळे त्यांची पात्रता आणि नोंदणी विचारून घ्यावी. ज्यांना नियमितपणे बोलण्यासाठी कोणी हवे आहे, त्यांच्यासाठी पदवीपेक्षा अनुभव आणि वृत्ती अधिक मोलाची असते. ज्यांना पत्र लागणार आहे, त्यांनी मात्र कोणत्या पात्रतेच्या व्यक्तीची सही ग्राह्य धरली जाते, हे संबंधित डॉक्टरांना विचारूनच निवड करावी. पत्रासाठी एक तज्ज्ञ आणि थेरपीसाठी दुसरा, अशी विभागणीही करता येते. तिचे फायदे पुढे येतील.

'जेंडर थेरपिस्ट' ही स्वतंत्र पदवी असते का?

बहुतेक ठिकाणी नसते. ते स्वतःच्या कामाचे वर्णन असते आणि ते कोणीही आपल्या पाटीवर लिहू शकते. कोणाच्या देखरेखीखाली काम शिकले, किती पारलिंगी व्यक्तींसोबत प्रत्यक्ष काम केले आणि अडचण आली की कोणाचा सल्ला घेतात, हे विचारल्याशिवाय त्या पाटीला फारसा अर्थ नाही.

अशी व्यक्ती शोधायची कुठे?

सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे ज्यांनी हा रस्ता आधी चालून पाहिला आहे, त्यांना विचारणे. पारलिंगी व्यक्तींचे आधारगट आणि एलजीबीटीक्यू समुदायासाठी काम करणाऱ्या संस्था यांच्याकडे बहुधा नावांची यादी असते. यादीइतकीच मोलाची असते ती कुजबुज: कोण सौम्यपणे ऐकते, कोण प्रत्येक भेटीत तेच ते प्रश्न विचारते आणि कोणाकडे कधीही जाऊ नये. मात्र एकाच व्यक्तीच्या अनुभवावर निर्णय घेऊ नये. ज्याला पत्र लवकर मिळाले तो त्या थेरपिस्टची स्तुती करणार आणि ज्याला थांबायला सांगितले तो रागावणार. दोघांच्या बोलण्यातून थेरपिस्टची कामाची पद्धत काय आहे, एवढेच वेचून घ्यावे.

दुसरा मार्ग हार्मोन उपचार देणाऱ्या डॉक्टरांचा. अंतःस्रावतज्ज्ञ (हार्मोन्सचे डॉक्टर), स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा या शस्त्रक्रिया करणारे शल्यविशारद ठरावीक मानसोपचारकांसोबत नेहमी काम करतात आणि कोणाचे मूल्यमापन काळजीपूर्वक केलेले असते, हे त्यांना ठाऊक असते. डब्ल्यूपॅथच्या संकेतस्थळावर तिच्या सदस्य तज्ज्ञांची शोधता येण्याजोगी सूची आहे. सदस्यत्व म्हणजे गुणवत्तेची हमी नव्हे, पण निदान या विषयात रस आहे, एवढे त्यातून कळते.

थेरपिस्टचे संकेतस्थळ वाचताना इंद्रधनुष्याच्या चित्रापलीकडे पाहावे. लैंगिक कल आणि लिंगभाव ओळख या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि समलिंगी व्यक्तींसोबत उत्तम काम करणाऱ्या थेरपिस्टला पारलिंगी व्यक्तींच्या प्रश्नांची माहिती असेलच, असे नाही.

पहिल्या फोनवर किंवा ईमेलमध्ये काय विचारावे?

पहिली भेट ठरवण्यापूर्वी थोडक्यात चौकशी करण्यात संकोच बाळगू नये. तुम्ही सेवा निवडत आहात, तिची याचना करत नाही. पुढील प्रश्न सहज विचारता येतात:

- ट्रान्झिशनचा विचार करणाऱ्या प्रौढांसोबत आपण किती काळ काम करत आहात?
- डब्ल्यूपॅथच्या आठव्या आवृत्तीची आपल्याला माहिती आहे का?
- हार्मोन्स किंवा शस्त्रक्रियेसाठी आपण पत्र देता का, आणि देत असाल तर त्याआधी साधारण किती भेटी अपेक्षित असतात?
- एखादी व्यक्ती संभ्रमात असेल, तर आपण तिच्यासोबत कसे काम करता?
- आपल्या नोंदी कोण पाहू शकते?

उत्तरांतील माहितीइतकेच उत्तर देण्याच्या पद्धतीकडे लक्ष द्यावे. 'या विषयात माझा अनुभव कमी आहे, पण मी अनुभवी सहकाऱ्याच्या मार्गदर्शनाखाली काम करीन' हे प्रामाणिक उत्तर, 'मला सगळे माहीत आहे, तुम्ही फक्त या' या उत्तरापेक्षा कितीतरी चांगले. आणखी एक लहानशी कसोटी: मराठीत क्रियापदालाही लिंग असते, त्यामुळे 'आलात' म्हणून वेळ मारून नेता आली, तरी तुमच्याविषयी तिसऱ्या कोणाशी बोलताना थेरपिस्टला निवड करावीच लागते. कोणते नाव आणि कोणती क्रियापदे वापरावीत, आणि कोणासमोर ती वापरू नयेत, हे स्वतःहून विचारणाऱ्या माणसाने बहुधा याआधी असे काम केलेले असते.

'समजून घेणारा' म्हणजे प्रत्येक गोष्टीला होकार देणारा का?

हा गैरसमज दोन्ही बाजूंनी आढळतो. थेरपिस्टने एकही अवघड प्रश्न विचारू नये, अशी काहींची अपेक्षा असते. आणि पाठिंबा देणारा थेरपिस्ट डोळे मिटून सगळ्यांना हार्मोन्सकडे ढकलतो, असे काही टीकाकार समजतात. प्रत्यक्षात पाठिंबा हा व्यक्तीला असतो, एखाद्या ठरावीक निष्कर्षाला नसतो. तुम्ही सांगता ते नाव आणि ती ओळख थेरपिस्ट आदराने स्वीकारतो, पारलिंगी असणे आणि नसणे या दोन्ही शक्यतांना सारखीच किंमत देतो आणि या पायावर उभे राहून तुमच्याबरोबर खोलात जाऊन विचार करतो.

अवघड प्रश्न विरोधाचे असतीलच असे नाही. 'आवाज बदलल्यानंतर घरी फोनवर काय सांगाल?', 'पाच वर्षांनी मूल हवेसे वाटले तर?', 'शस्त्रक्रियेनंतरही लोकांनी चुकीच्या नावाने हाक मारली, तर कसे सावराल?' हे प्रश्न तयारीचे आहेत. याउलट, 'हे सगळे सोडून द्यावे असे वाटत नाही का?' हा प्रश्न प्रत्येक भेटीत वेगवेगळ्या वेषांत येत राहिला, तर उत्तर आधीच ठरवून ठेवले आहे, हे ओळखावे. फरक प्रश्नाच्या शब्दांत सापडत नाही. उत्तर काहीही आले तरी विचारणारा ते ऐकून घेण्यास तयार आहे का, यावरून तो कळतो.

कोणत्या गोष्टी दिसल्यास सावध व्हावे?

लिंगभाव ओळख बदलून ती जन्मावेळी नोंदवलेल्या लिंगाशी जुळवण्याचा प्रयत्न, ज्याला 'कन्व्हर्जन थेरपी' म्हटले जाते, तो अपायकारक आहे आणि परिणामकारक असल्याचा पुरावा नाही, असे प्रमुख वैद्यकीय आणि मानसशास्त्रीय संघटनांचे मत आहे. माल्टाने 2016 मध्ये आणि कॅनडाने 2022 मध्ये त्यावर कायद्याने बंदी घातली. संयुक्त राष्ट्रांच्या स्वतंत्र तज्ज्ञाने 2020 च्या अहवालात जगभर बंदीची मागणी केली. तरीही हा प्रकार उघडपणे त्या नावाने क्वचितच विकला जातो. 'मूळ कारण शोधून काढू', 'लग्न झाले की ठीक होईल', 'आईवडिलांशी असलेले नाते सुधारले की ही भावना जाईल' अशा आश्वासनांमागे तो लपलेला असू शकतो. लिंगभावाशी संबंधित प्रत्येक भावनेचे मूळ बालपणीच्या आघातातच शोधण्याचा हट्टही याच वाटेने जातो, जरी आघात झालेला असल्यास त्यावर काम करणे योग्यच असते.

याहून सौम्य, पण दमवणाऱ्या खुणाही असतात: वारंवार सुधारूनही चुकीचे नाव वापरणे, लैंगिक जीवनाविषयी गरज नसताना कुतूहलाने खोदून विचारणे, पारलिंगी असणे म्हणजे काय, हे प्रत्येक भेटीत तुमच्याकडूनच शिकून घेणे आणि त्याचे शुल्कही तुमच्याकडूनच घेणे, काही भेटींनंतर पत्राबद्दल बोलू, असे सांगून ती भेट कधीच न येणे. उलट दिशेची खूणही आहे. एकाही प्रश्नाशिवाय, पैसे मिळताच पत्र छापून देणारा कोणी भेटला, तर पत्र मिळेल, पण तयारी झालेली नसेल; शिवाय काळजीपूर्वक काम करणारे शल्यविशारद अशी पत्रे ओळखतात.

पत्र देणे थेरपिस्टच्या हातात असेल, तर त्याच्याशी मोकळेपणाने कसे बोलावे?

माझ्या मते या संपूर्ण विषयातील सर्वांत अवघड प्रश्न हाच आहे आणि त्याकडे दुर्लक्ष केल्याने अनेकांची थेरपी वाया गेली आहे. एकच माणूस सोबती आणि परीक्षक अशा दोन्ही भूमिकांत असेल, तर शंका बोलून दाखवणे धोक्याचे वाटते. 'मला कधीकधी भीती वाटते' असे म्हटले आणि त्यामुळे पत्र लांबले तर? या भीतीला इतिहास आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात उपचार मिळवण्यासाठी लोकांना ठरावीक साच्यातली कहाणी सांगावी लागे: लहानपणापासून ठाम खात्री, दुसऱ्या लिंगाचे खेळ आणि ट्रान्झिशननंतर भिन्नलिंगी आकर्षण. ज्यांची कहाणी तशी नव्हती, ते ती तशी करून सांगत. सातव्या आवृत्तीपर्यंत जननेंद्रियांवरील काही शस्त्रक्रियांपूर्वी आपल्या लिंगभावानुसार सलग 12 महिने जगून दाखवण्याचा निकषही होता, ज्यामुळे काही जणांना कोणताही वैद्यकीय आधार नसताना समाजासमोर उघडे पडावे लागे.

यावर उपाय म्हणजे ही दुहेरी भूमिका पहिल्याच भेटीत बोलून टाकणे. 'मी शंका व्यक्त केली, तर पत्रावर त्याचा काय परिणाम होईल?' असे सरळ विचारावे. शंका असणे आणि निर्णयक्षमता नसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वी अजिबात शंका नसलेला माणूसच विरळा. समजूतदार थेरपिस्ट हे मान्य करतो आणि पत्रासाठी आपण नेमके काय पाहतो, हे उघडपणे सांगतो. तसे उत्तर मिळाले नाही, तर पत्रासाठी दुसऱ्या तज्ज्ञाकडे जावे आणि या थेरपिस्टकडे केवळ मन मोकळे करण्यासाठी जावे, किंवा जाऊच नये. पाठ केलेली कहाणी सांगून पत्र मिळवता येते, हे खरे. पण मग ज्या भीतीवर बोलायला हवे होते, ती न बोललेलीच राहते.

मूल्यमापनात प्रत्यक्षात काय पाहतात?

आठव्या आवृत्तीनुसार प्रौढांच्या बाबतीत मुख्यतः पुढील बाबी तपासल्या जातात. लिंगभाव-विसंगती, म्हणजे नोंदवलेले लिंग आणि जाणवणारी ओळख यांतील अंतर, स्पष्ट आणि टिकून राहिलेली आहे का. तिच्यासारखी भासणारी इतर कारणे वगळली आहेत का. उपचारांना संमती देण्याची क्षमता आहे का. उपचारांच्या परिणामांवर प्रभाव टाकू शकतील अशा मानसिक आणि शारीरिक स्थितींचा विचार झाला आहे का. आणि प्रजननक्षमतेवर होणारे परिणाम समजले आहेत का. हार्मोन्समुळे होणारे काही बदल थांबल्यावर मागे फिरतात, काही फिरत नाहीत. टेस्टोस्टेरॉनमुळे खोल झालेला आवाज पूर्ववत होत नाही आणि एस्ट्रोजेनमुळे झालेली स्तनांची वाढ शस्त्रक्रियेशिवाय जात नाही. शुक्राणू किंवा बीजांडे जतन करायची असतील, तर त्याविषयी हार्मोन्स सुरू करण्यापूर्वीच बोलावे. यांतील वैद्यकीय तपशील डॉक्टर सांगतीलच. थेरपिस्टने पाहायचे ते हे, की हे सर्व तुम्हाला तुमच्या शब्दांत सांगता येते का.

निदान झाले, म्हणजे मला मानसिक आजार आहे असे ठरते का?

नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाची अकरावी आवृत्ती 2019 मध्ये संमत झाली आणि 1 जानेवारी 2022 पासून लागू झाली. तिच्यात लिंगभाव-विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याशी संबंधित स्थितींच्या प्रकरणात ठेवली आहे. अमेरिकन सायकियाट्रिक असोसिएशनच्या 2013 च्या वर्गीकरणात 'जेंडर डिस्फोरिया' हे नाव आहे, मात्र त्यात विसंगतीमुळे होणाऱ्या त्रासावर भर आहे. ओळख स्वतः विकार मानलेली नाही. उपचारांसाठी नोंद लागते म्हणून निदान टिकून आहे, असे म्हणणे फारसे चुकीचे ठरणार नाही.

मला नैराश्य, चिंताविकार किंवा ऑटिझम असेल, तर ते लपवावे का?

लपवू नये. यांपैकी कोणतीही गोष्ट आपोआप आड येत नाही. पारलिंगी व्यक्तींमध्ये ऑटिझमचे प्रमाण सर्वसाधारण लोकसंख्येपेक्षा अधिक असल्याचे अनेक अभ्यासांत आढळले आहे, आणि ऑटिस्टिक असल्यामुळे स्वतःची ओळख कळत नाही, असे मानण्यास आधार नाही. नैराश्य कधी लिंगभाव अस्वस्थतेमुळे असते, कधी लोकांच्या वागणुकीमुळे आणि कधी या दोन्हींशी संबंध नसलेले. थेरपिस्टने हे धागे वेगळे करण्यास मदत करावी. मात्र 'आधी नैराश्य पूर्ण बरे करा, मग पाहू' ही अट सरसकट लावणे योग्य नाही, कारण काही वेळा ट्रान्झिशनचे उपचार पुढे ढकलले जाणे हेच त्या नैराश्याचे कारण असते. तीव्र मनोविकृतीचा झटका सुरू असताना किंवा व्यसनामुळे निर्णयक्षमता ढासळलेली असताना थोडे थांबून ती स्थिती आटोक्यात आणणे मात्र रास्त आहे.

जीव देण्याचे विचार मनात येत असतील, तर पुढच्या भेटीची वाट पाहू नये. जवळच्या रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जावे, संकटकालीन हेल्पलाइनला फोन करावा आणि विश्वासातल्या एका माणसाला लगेच सोबत बोलवावे.

मी जे सांगेन ते गुप्त राहील का?

सर्वसाधारणपणे राहते, पण गोपनीयतेला मर्यादा असतात: जिवाला तातडीचा धोका, न्यायालयाचा आदेश, अल्पवयीन मुलांच्या बाबतीत पालकांचे अधिकार. या मर्यादा पहिल्या भेटीतच विचाराव्यात. गुपित फुटते ते मात्र बहुधा क्षुल्लक गोष्टींतून. घरच्या पत्त्यावर आलेले बिल, कुटुंबाच्या सामायिक विमा खात्यात दिसणारी नोंद, मोबाईलच्या पडद्यावर झळकणारी भेटीची आठवण. घरी सांगितलेले नसेल, तर कोणत्या नंबरवर, कोणत्या नावाने आणि कोणत्या वेळी संपर्क करायचा, हे थेरपिस्टला स्पष्ट सांगून ठेवावे.

थेरपिस्ट स्वतः पारलिंगी असावा का?

असल्यास अनेक गोष्टी समजावून सांगाव्या लागत नाहीत, हा मोठा दिलासा असतो. पण लहान समुदायात तोच माणूस आधारगटातही भेटू शकतो आणि स्वतःच्या ट्रान्झिशनच्या चष्म्यातून तुमच्याकडे पाहू शकतो. ही पसंती असू शकते, अट असण्याची गरज नाही.

ऑनलाइन थेरपी चालते का?

बोलण्यासाठी चालते आणि ज्यांच्या जवळपास कोणी नाही, त्यांच्यासाठी अनेकदा तोच एक मार्ग असतो. दोन गोष्टी तपासाव्यात: तुम्ही जिथे राहता तिथे काम करण्याची परवानगी त्या थेरपिस्टला आहे का, आणि ऑनलाइन भेटींवर आधारित पत्र तुमचे डॉक्टर स्वीकारतात का. घरात एकांत नसेल, तर उभी केलेली गाडी किंवा मित्राची खोली वापरणारे बरेच जण आहेत.

कुटुंबीयांना किंवा जोडीदाराला सोबत न्यावे का?

सुरुवातीच्या भेटी एकट्याने घ्याव्यात, असे सुचवावेसे वाटते. आपलेच विचार अजून पक्के झालेले नसताना समोर आईचे रडणे असेल, तर सगळा वेळ तिला समजावण्यात जातो. पुढे एखादी संयुक्त भेट फार उपयोगी ठरू शकते, विशेषतः कुटुंबीय 'डॉक्टरांच्या तोंडून' ऐकल्याशिवाय विश्वास ठेवत नसतील तर. त्या भेटीत काय सांगायचे आणि काय नाही, हे थेरपिस्टसोबत आधी ठरवून घ्यावे. कुटुंबीयांनी थेरपिस्ट स्वतः निवडून आणला असेल, तर तो कोणासाठी काम करत आहे, हे त्यालाच विचारणे योग्य.

अठरा वर्षांखालील मुलांच्या बाबतीत काय वेगळे असते?

बरेच काही. पालकांची संमती, कायदे आणि वैद्यकीय धोरणे देशागणिक वेगळी आहेत आणि गेल्या काही वर्षांत ती वेगाने बदलली आहेत: फिनलंडने 2020 मध्ये आणि स्वीडनने 2022 मध्ये अल्पवयीन मुलांच्या हार्मोन उपचारांबाबत अधिक सावध शिफारशी केल्या, आणि इंग्लंडमध्ये बालरोगतज्ज्ञ डॉ. हिलरी कॅस यांच्या 2024 च्या अहवालानंतर यौवनरोधक, म्हणजे वयात येताना होणारे बदल रोखून धरणाऱ्या औषधांवर निर्बंध आले. इतर अनेक वैद्यकीय संघटना योग्य मूल्यमापनानंतर हे उपचार उपलब्ध असावेत, याच मताच्या आहेत. या वादात पालकांनी एक गोष्ट विसरू नये, की मुलाचे ऐकून घेण्यासाठी, शाळेतील छळ थांबवण्यासाठी आणि घरात ते सुरक्षित राहावे यासाठी कोणत्याही औषधाची गरज नसते. किशोरवयीन मुलांसोबत काम करण्याचा अनुभव असलेला थेरपिस्ट निवडावा. प्रौढांसोबतचा अनुभव इथे पुरत नाही.

परवडत नसेल किंवा अनुभवी थेरपिस्ट मिळतच नसेल तर?

काही थेरपिस्ट उत्पन्नानुसार शुल्क घेतात, पण विचारल्याशिवाय ते सांगतीलच असे नाही. प्रशिक्षण संस्थांमध्ये देखरेखीखाली काम करणारे विद्यार्थी कमी शुल्कात सेवा देतात. अनुभवी व्यक्ती मिळाली नाही, तर शिकण्याची तयारी असलेला चांगला सर्वसाधारण थेरपिस्ट आणि माहितीसाठी एखादा आधारगट, अशी जोडी बऱ्यापैकी काम करते. भेटी पंधरवड्यातून किंवा महिन्यातून एकदा ठेवल्या, तरी त्यांचा उपयोग होतो.

काही भेटींनंतर पटले नाही, तर थेरपिस्ट बदलता येतो का?

येतो, आणि कारण देण्याचे बंधन नसते. मात्र भेटीनंतर अस्वस्थ वाटले, एवढ्यावरून लगेच सोडू नये. चांगल्या भेटीनंतरही अस्वस्थता येते. तीन-चार भेटींनंतरही आपण तिथे जाण्यापूर्वी उत्तरे तयार करत असू, काही गोष्टी मुद्दाम टाळत असू, तर ते थेरपिस्टला सांगून पाहावे. ऐकून घेऊन काही बदलले, तर नाते अधिक घट्ट होते. न बदलल्यास निघावे, आणि निघताना आतापर्यंतच्या भेटींचा लेखी सारांश मागून घ्यावा, म्हणजे पुढच्या तज्ज्ञासमोर सगळे पहिल्यापासून सांगावे लागत नाही.

शेवटी मी ट्रान्झिशन न करण्याचे ठरवले, किंवा मध्येच थांबलो वा थांबले, तर?

तर थेरपी फुकट गेली असे होत नाही. काही जण केवळ नाव बदलतात, काही हार्मोन्स घेतात आणि शस्त्रक्रिया करत नाहीत, काही पैशांमुळे किंवा घरच्या दबावामुळे थांबून काही वर्षांनी पुन्हा सुरुवात करतात, आणि काहींना आपली ओळख वेगळीच असल्याचे उमगते. हार्मोन्स थांबवायचे असतील, तर ते डॉक्टरांच्या सल्ल्यानेच थांबवावेत, विशेषतः बीजांडकोष किंवा वृषण काढलेले असल्यास, कारण शरीराला कोणते ना कोणते लैंगिक हार्मोन लागतेच आणि ते नसल्यास हाडे ठिसूळ होतात. पहिल्याच भेटीत थेरपिस्टला हेही विचारून ठेवता येते, की मी थांबायचे ठरवले, तरी आपण माझ्यासोबत काम करत राहाल का.